‘संमती’ या नोंदीतली बहीण

त्या दिवशी दुपारी साडेबाराला वेलांटीबाईंच्या हातातलं लाल पेन टेबलावरून घरंगळत खाली पडलं, आणि त्यांनी ते उचललं नाही. छापखान्यातल्या कुणालाही विचारा, सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. इमारतीला आग लागली तरी बाई आधी पेनाला टोपण लावतील आणि मगच जिना उतरतील, असं मालक म्हणायचे. त्यात फारसं खोटं नव्हतं.

आधी माणसं सांगून टाकू, म्हणजे पुढे गोंधळ नको. बाईंचं काम मुद्रितं तपासायचं. पुस्तक मशीनवर जाण्याआधी पान न् पान वाचायचं आणि चुका काढायच्या. एखादी वेलांटी पहिलीची दुसरी झाली की बाईंच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. पण वेलांटी हे नाव काही छापखान्यानं दिलेलं नाही. ते दिलं त्यांच्या थोरल्या भावानं, दादानं. सहावीतल्या या पोरीनं कॉलेजात जाणाऱ्या भावाच्या निबंधात सतरा चुका काढल्या, वर प्रत्येक चुकीभोवती लाल पेन्सिलीनं गोल केले. दादा आठवडाभर बोलला नाही. बोलला तेव्हा “ए वेलांटी, पाणी आण” असंच बोलला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

टेबलाच्या पलीकडे बसायचे विरामकाका. लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचणं हे त्यांचं काम. काका वाचणार, बाई छापलेल्या ओळीवर बोट फिरवत ताडून बघणार. असं वाचताना विरामचिन्हंसुद्धा तोंडानं म्हणावी लागतात, नाहीतर ती जागेवर आहेत की नाहीत हे कळणार कसं? तीस वर्षं हेच करून करून काकांच्या जिभेला सवय जडली होती. चहावाला आला की ते म्हणायचे, “चहा आला, उद्गारचिन्ह.” एकदा बायकोशी भांडताना म्हणे ते कडाडले, “तू माझं ऐकणार आहेस की नाही, प्रश्नचिन्ह!” भांडण तिथंच संपलं, बायको हसून हसून खाली बसली. काकांची आणखी एक खुबी होती. ते वाचायचे, पण ऐकायचे नाहीत. सकाळी प्रेमकथा, दुपारी पंपदुरुस्तीची पुस्तिका, आवाज एकच. अक्षर डोळ्यांतून आत जाऊन तोंडातून बाहेर पडायचं, मध्ये कुठं थांबायचं नाही.

आणि त्या दिवशी टेबलावर होतं ते दादाचं पुस्तक. दादा चौतीस वर्षं कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र शिकवत होता. लग्न केलं नाही, पुस्तकांशी संसार केला. निवृत्त झाल्यावर त्यानं नवख्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा कोश लिहिला. आधी शब्द, मग अर्थ, मग एक उदाहरण. अर्थ चार जाड पुस्तकांतून कुणालाही काढता येतात, पोराच्या डोक्यात उतरतं ते उदाहरण, असं त्याचं म्हणणं. सगळं हातानं लिहिलेलं, वळणदार अक्षरात. मालकांना त्यानं बजावून सांगितलं होतं, “माझ्या बहिणीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती हे द्यायचं नाही.” बाईंची छाती दोन इंच फुगली होती हे ऐकून, खोटं कशाला बोला.

सोमवारी कॉलेज उघडणार होतं. शेवटची सोळा पानं दुपारी एकला मशीनवर जायची होती. म्हणून सकाळी नऊपासून दोघं जोखडाला जुंपल्यासारखे बसले होते.

पुस्तक हातात आल्यापासून बाईंना मजा येत होती. आपल्याच घरातली माणसं पानापानावर भेटत होती ना! ‘अनुभववाद’ म्हणजे काय, तर ज्ञान इंद्रियांच्या अनुभवातूनच मिळतं असं मानणं. उदाहरण, इस्त्री तापली की नाही हे बोट लावून बघणारा गृहस्थ. हा गृहस्थ म्हणजे बाईंचे यजमान, बोटावरच्या फोडासकट. ‘इच्छास्वातंत्र्य’ या शब्दाखाली दर सोमवारी सिगारेट सोडणारा एक छापखान्याचा मालक होता. ‘उपयुक्ततावाद’ समजावताना दादानं एक पंखा आणि पाच झोपणारी माणसं घेतली होती: पंखा कुणाकडे वळवला म्हणजे जास्तीत जास्त जणांना जास्तीत जास्त सुख मिळेल? तो पंखा त्यांच्या लहानपणीच्या खोलीतला होता. रोज दादाच्या अंगावर वारं आणि वेलांटीच्या अंगावर घाम, असला तो उपयुक्ततावाद. बाईंनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, “लेखक पक्षपाती.” आणि स्वतःशीच हसल्या.

मग त्या दिवशी ‘स’ सुरू झाला. पान एकशे नऊ. पहिलाच शब्द, संमती.

काका वाचू लागले. “संमती, डॅश, आपण कशाला होकार देत आहोत हे पूर्णपणे समजून, स्वल्पविराम, कोणत्याही दबावाशिवाय वा फसवणुकीशिवाय दिलेला होकार, पूर्णविराम. उदाहरण, दोन टिंबं. एक वृद्ध आई रुग्णालयात श्वासाच्या यंत्रावर होती, पूर्णविराम. यंत्र काढण्यासाठी दोन्ही मुलांच्या सह्या आवश्यक होत्या, पूर्णविराम.”

बाईंचं बोट ओळीवरून सरकत होतं. ठीक. ठीक. ठीक.

“भाऊ बहिणीला म्हणाला, स्वल्पविराम, अवतरण सुरू, आईला खालच्या मजल्यावरच्या शांत खोलीत हलवायचे आहे, पूर्णविराम, चष्मा राहू दे, स्वल्पविराम, इथे खाली सही कर, पूर्णविराम, अवतरण बंद. बहीण जन्मभर इतरांची अक्षरे तपासत आली होती, अर्धविराम, हा एकच कागद तिने वाचला नाही, पूर्णविराम.”

छापलेल्या पानावर ‘बहिण’ असं होतं. ‘हि’ पहिली. चूक. बाईंच्या हातानं ती पहिली वेलांटी खोडली, समासात दुसरी काढली, गोल केला. हात सवयीनं चालला होता. आणि गोल पुरा होता होता बाईंना कळलं, की आपण जिची वेलांटी नीट केली ती बहीण आपण आहोत.

पेन पडलं ते तेव्हा.

काकांना पत्ता नाही. ते त्याच आवाजात पुढे, “दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र काढण्यात आले, पूर्णविराम. आई आपणहून गेली असे बहिणीला सांगण्यात आले, पूर्णविराम. बहीण नकार देईल हे भावाला ठाऊक होते, पूर्णविराम. येथे सही आहे, स्वल्पविराम, संमती नाही, पूर्णविराम. पुढचा शब्द, संशयवाद, डॅश...”

“काका, थांबा.”

“अं, प्रश्नचिन्ह?”

“मागचं परत वाचा. सही कर, तिथपासून.”

काकांनी परत वाचलं. टिंब न् टिंब तसंच. कुठं तरी एखादा शब्द वेगळा निघेल, चष्म्याच्या जागी छत्री निघेल, खालच्या मजल्याच्या जागी वरचा निघेल, अशी वेडी आशा बाईंना होती. छे! शब्द तेच होते. “चष्मा राहू दे, वेलांटी, इथे खाली सही कर. आईला खालची शांत खोली मिळतेय.” अकरा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात दादानं अस्सं म्हटलं होतं. चष्मा पर्समध्ये होता. पर्स उघडायची म्हणजे हातातला थर्मास खाली ठेवायला लागला असता. दादा कागद भिंतीवर धरून उभा, पेनही त्यानंच पुढे केलं. आणि बाईंनी, जी बाई औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा दोनदा वाचते तिनं, थर्मास काखेत दाबून सही ठोकली होती.

म्हणजे आई गेली नव्हती. आपण तिला घालवली होती. आपल्या सहीनं.

“बाई, पाणी देऊ?” काका म्हणाले. प्रश्नचिन्ह म्हणायला ते विसरले, यावरून बाईंचा चेहरा कसा झाला असेल ते ओळखा.

“आई गेली त्या सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता,” बाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या देव जाणे. “म्हणाल्या, तुम्ही दोघांनी योग्य तेच केलंत. मला वाटलं, सेवा केली म्हणून म्हणतायत. मी त्यांना थँक्यू म्हटलं हो, काका. थँक्यू म्हटलं मी!”

काकांनी पहिल्यांदाच हातातल्या कागदाकडे नीट बघितलं. वाचून दाखवलेली ओळ त्यांनी मनात वाचली. मग त्यांचा हात तोंडावर गेला.

बाई उठल्या. हस्तलिखिताचं ते पान त्यांनी गठ्ठ्यातून ओढून काढलं. दारात मालक आडवे आले, “बाई, एकला मशीन सुरू होतंय, कुठं निघालात?” बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की मालक आपोआप बाजूला झाले.

दादाचं घर दहा मिनिटांच्या अंतरावर. रस्त्यात टायरवाल्याचं दुकान, कुलपं दुरुस्त करणारा, झेरॉक्सवाला. रोज येता-जाता बाई त्यांच्या पाट्यांवरच्या चुका मनातल्या मनात सुधारायच्या. आज त्यांना एक पाटी दिसली नाही.

राग नुसत्या फसवणुकीचा असता तरी एक वेळ गिळला असता. पण त्याखाली आणखी एक होतं, आणि ते बाईंनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आई यंत्रावर गेली त्याच्या चौथ्या दिवशी बाईंनी स्वतः डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं होतं, “हे काढता येतं का हो?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मेंदूचं काम थांबत चाललंय, परत येण्याची आशा नाही. काढता येतं. पण तुम्हा दोघांच्या सह्या लागतील. भावाशी बोला.” बाई भावाशी बोलल्या नाहीत. कशा बोलणार? दादा रोज आईच्या उशाशी बसून तिचे केस विंचरायचा. त्याला जाऊन सांगायचं की मला आई गेलेली चालेल? तेव्हापासून बाईंच्या मनानं घेतलं होतं, की या घरात राक्षसीण एकच, ती आपण. दादा देवमाणूस, त्याच्या मनाला असला विचार शिवलासुद्धा नाही. अकरा वर्षं त्या त्याच्याकडे बघताना खाली बघत आल्या होत्या. त्याच्या वाढदिवसाला स्वेटर विणून द्यायच्या, आजारी पडला की डबे पोचवायच्या, सगळं त्या एका प्रश्नाची भरपाई म्हणून. आणि या देवमाणसानं कागद भिंतीवर धरून आपली सही काढून घेतली होती!

तिसऱ्या मजल्यावर दादानं दार उघडलं. बहिणीच्या हातातलं पान त्यानं बघितलं, आपलं अक्षर ओळखलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

“वाचलंस,” तो म्हणाला.

“हे काय आहे, दादा?”

“बस आधी.”

“बसायला नाही आले मी! हे काय आहे?”

“उदाहरण आहे.”

“उदाहरण?” बाईंचा आवाज चढला. “मी उदाहरण? आई उदाहरण? पहिल्या वर्षाची पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करणार आपल्याला? पाच मार्कांना?”

दादा टेबलाच्या कडेला टेकला. टेबलावर पुस्तकं, चष्म्याचं घर, अर्धा कप गार चहा. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण त्या क्षणी वर्गाबाहेर उभा केलेल्या पोरासारखा दिसत होता.

“मला सांगायचं होतं गं,” तो म्हणाला. “अकरा वर्षं सांगायचं होतं. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी संमतीवर तास घ्यायचो. आणि दर वर्षी दुसऱ्याच कुणाचं तरी उदाहरण द्यायचो, घरमालकाचं, शिंप्याचं. पोरं लिहून घ्यायची आणि मी फळा पुसत राहायचो. तुझ्यासमोर तोंडच उघडेना. म्हटलं, लिहावं. लिहिलेलं एक अक्षरही तू सोडत नाहीस. तू एकटी बसून, शांतपणे वाचशील...”

“एकटी?” बाईंना हसू फुटलं, पण ते हसू नव्हतं. “दादा, मुद्रित एकटीनं नाही वाचत. समोरचा माणूस मोठ्यानं वाचतो. विरामकाकांनी वाचलं. चढ्या आवाजात, खिडक्या उघड्या टाकून. स्वल्पविराम, पूर्णविरामासकट.”

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. “मोठ्यानं?”

“सव्वीस वर्षं तुझी बहीण काय काम करते, कसं करते, हे तुला माहीत नाही!”

“नव्हतं माहीत,” तो पुटपुटला. “अगं, मला वाटलं...”

“तुला वाटलं! तुला सगळं वाटतंच. आणि इथं लिहिताना काय लिहिलंस?” बाईंनी पान त्याच्या नाकासमोर धरलं. “बहीण नकार देईल हे भावाला ठाऊक होते. ठाऊक होतं? कुणी सांगितलं होतं तुला? विचारलं होतंस मला?”

“तू नकारच दिला असतास. रात्रंदिवस दवाखान्यात बसायचीस तू. येईल त्याला सांगायचीस, आई उठणार, आई उठणार. असल्या माणसाला काय विचारायचं होतं मी?”

“हेच! एवढंच विचारायचं होतं!”

“आणि नाही म्हणाली असतीस तर?”

“दादा,” बाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज एकदम उतरला, “मी चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. यंत्र काढता येतं का म्हणून.”

खालून टायरवाल्याच्या हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

“काय विचारलं होतंस?” दादानं विचारलं. ऐकू आलं नव्हतं असं नाही.

“काढता येतं का ते. त्या म्हणाल्या, भावाशी बोला.”

“मग बोलली का नाहीस?”

बाईंनी तोंड उघडलं. तोंडात जे वाक्य आलं त्यानं त्यांचं त्यांनाच धस्स झालं. तरी ते बाहेर पडलंच. “तू नाही म्हणाला असतास.”

दादा खुर्चीत बसला. बसला म्हणजे काय, कोसळलाच.

“मी?” तो म्हणाला. “मला आईनंच सांगितलं होतं, वेलांटी. आधीच्या वर्षी. शेजारच्या काकू दोन महिने यंत्रावर होत्या बघ, त्यांना बघून आली तेव्हा. म्हणाली, मला असं नळ्या लावून ठेवू नका. वचन घेतलं माझ्याकडून. वर म्हणाली, वेलांटीला यातलं काही बोलू नकोस, ती मनाला लावून घेईल.”

वेलांटीबाई एक पाऊल पुढे आल्या.

“कधी म्हणाली?”

“सांगितलं ना, काकूंना बघून आली त्याच दिवशी. संध्याकाळी.”

“मला दुपारी म्हणाली,” बाई म्हणाल्या. “रिक्षातून परत येताना. माझा हात धरून. मला असं ठेवू नका, म्हणाली. आणि म्हणाली, दादाला सांगू नकोस, तो आधीच हळवा आहे.”

काय म्हणावं या आईला? दोन्ही लेकरांना एकच गोष्ट सांगितली आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप घालून गेली. मायेपोटीच घातलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर या बहीण-भावांनी त्याला फाडून खाल्लं असतं. पण आईला काय बोलणार? आणि कुलूप तिनं घातलं होतं हे खरं, पण ते जपलं कुणी? दवाखान्याच्या त्या खोलीत दोन जाणती माणसं होती. एक नीतिशास्त्र शिकवणारा आणि एक दुसऱ्यांच्या चुका काढणारी.

बाईंच्या डोक्यात तेवढ्यात आणखी काही तरी हललं. विचारू नये असं आतून वाटलं. तरी त्यांनी विचारलं, कारण अर्धवट वाक्य सोडून द्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

“दादा, तो कागद तुझ्याकडे कधी आला?”

दादानं टेबलावरचं चष्म्याचं घर उघडलं आणि मिटलं.

“कधी आला, दादा?”

“पाचव्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी आपणहून आणून दिला. म्हणाल्या, बहिणीशी बोलून घ्या, त्या तयार असतील असं मला वाटतं. मला वाटलं, त्या उगीच धीर द्यायला म्हणतायत. तुला विचारायचं रोज ठरवायचो. शर्टाच्या खिशात असायचा कागद. शर्ट बदलला की या खिशातून त्या खिशात. घड्या पडून फाटायला आला होता. शेवटी राहवेना, तेव्हा भिंतीवर धरला.”

“आणि मी सही केली ती...”

“तेविसाव्या दिवशी.”

पाच ते तेवीस. दादानं बोटं मोजली नाहीत, बाईंनीही नाहीत. मोजायला लागतंय कशाला, अठरा दिवस.

त्या अठरा दिवसांत काय काय झालं ते दोघांनाही तोंडपाठ होतं. आईच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. हात इतके सुजले की बोटातली अंगठी कापून काढावी लागली. आणि दिवसातून चार वेळा नर्स यायची, घशातली नळी साफ करायला. तिला काही कळत नाही, असं सगळे म्हणायचे. पण ती नळी हलली की आईच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी यायचं. दर वेळी यायचं. खाटेच्या एका बाजूला दादा उभा असायचा, दुसऱ्या बाजूला बाई. एक डोळा तो पुसायचा, एक डोळा ही पुसायची.

“तू म्हणायचास, होईल गं ती बरी,” बाई म्हणाल्या.

“आणि तू म्हणायचीस, होणारच.”

“मी तुझ्यासाठी म्हणायचे, दादा.”

“मी तरी कुणासाठी म्हणायचो?”

बाईंना ओरडायचं होतं. ओरडायलाच तर त्या आल्या होत्या, या माणसाला गदगदा हलवून विचारायला, की तू मला न विचारता माझ्या हातून हे का करून घेतलंस. आता कुणावर ओरडायचं? बाईंनी हातातलं पान टेबलावर, गार चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

पर्समध्ये फोन वाजला. मालक होते, आणि भडकलेले होते.

“बाई, एक वाजला! माणूस मशीनपाशी उभा आहे. विरामकाका तर रडायलाच लागलेत, मला काही धड सांगत नाहीत. एकशे नऊ मशीनवर सोडू का?”

“नको. चूक राहिलीय त्यात.”

“लेखकाला विचारून घ्या ना मग, तुमचाच भाऊ आहे.”

“विचारलं,” बाई म्हणाल्या.

“मग? केवढी चूक आहे? एखादी वेलांटी असेल तर इथंच उडवतो मी.”

बाईंनी दादाकडे बघितलं. दादा त्यांच्याकडे बघत होता. पुढं काय येणार हे त्याला कळलं होतं, आणि नको म्हणावं की हो म्हणावं हे त्याच्या चेहऱ्यावर ठरत नव्हतं. त्यानं हळूच मान हलवली. हो म्हणून.

“उदाहरण अर्धंच छापलंय, मालक,” बाई म्हणाल्या. “एकट्या भावानंच विचारलं नाही, असं दिसतंय त्यात. बहिणीनंही नव्हतं विचारलं.”

दादानं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि तो मोठ्यानं रडायला लागला. बाई फोन कानाला तसाच धरून त्याच्याजवळ गेल्या. पलीकडून मालक कितीतरी वेळ हॅलो, हॅलो करत राहिले.